स्क्रीनचं तोंड

पाच नंबर आणि सहा नंबर हे दोन माग रात्रभर अगदी बरोबरीने चालले होते. सकाळी मालकांच्या केबिनमध्ये चहा पिता पिता मी स्क्रीनवरचे आकडे बघत होतो, तर दोघांच्याही पुढे पिकांची, म्हणजे धोट्याच्या फेऱ्यांची, एकच संख्या. शेवटच्या अंकापर्यंत एकच. मला आधी आनंदच झाला. म्हटलं, काय काउंटर बनवलाय आपण! तेवढ्यात अप्पा आत आले. कपाळावरचा चष्मा खाली घेऊन त्यांनी दोन्ही आकडे वाचले आणि म्हणाले, "माग म्हणजे काय जुळी पोरं आहेत का बे? आणि जुळ्यांना तरी एकदम शिंका येतात का?"

शेडमध्ये जाऊन बघितलं. सहा नंबर थंड पडला होता, धोटा फेकणारी पिकिंग स्टिक मोडलेली. त्याच्यावरचा आमचा सेन्सर कुणीतरी अलगद सोडवून पाच नंबरच्या सेन्सरशेजारी काळ्या टेपने चिकटवला होता. पाच नंबरच्या शाफ्टवरचं लोहचुंबक एक फेरा मारून गेलं, की दोन्ही सेन्सर एकदम मोजायचे. इतकं निगुतीने केलेलं काम, की टेपची टोकंसुद्धा कात्रीने सरळ कापलेली.

विणकर शेजारी मान खाली घालून उभा. मला वाटलं, मजुरी वाढवायला केलं असेल. पण त्याला मजुरी मिळायची ती उतरलेल्या टॉवेलांवर, आमच्या आकड्यांचा तिच्याशी काही संबंधच नव्हता. मग कशाला? तो म्हणाला, "साहेब, माग लाल दिसला की मालकांचा फोन येतो. आत कायबी ऐकू येत नाही, बाहेर जाऊन उचलावा लागतो. बाहेर गेलं की दुसरा माग थांबतो. की परत फोन." रात्रपाळीला माग दुरुस्त करणारा जॉबर नसतो. सकाळपर्यंत माग बंदच राहणार होता. निदान फोन तरी येऊ नये, म्हणून त्याने बंद माग चालू दाखवला.

हे २०१३ चं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टेरी टॉवेलचं चोवीस मागांचं शेड, आणि आमची कंपनी म्हणजे मी, एक मित्र आणि एक सोल्डरिंग आयर्न. आता आमच्या माहितीपत्रकात 'आमचा प्रवास' नावाचं पान आहे. त्यात डावीकडून उजवीकडे जाणारा बाण, त्याच्यावर सालं, आणि प्रत्येक सालाखाली एक भारदस्त शब्द. ते पान मीच लिहिलंय आणि त्यात खोटं काही नाही. तो काळा टेप तेवढा त्यात नाही.

अप्पा मिलमधले. सोलापुरात 'मिलमधले' म्हटलं, की पन्नाशीपुढच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. जुनी मिल १८७७ ची. तिच्यामागून बाकीच्या आल्या आणि सगळं गाव भोंग्यावर उठायला, जेवायला, झोपायला लागलं. आमच्या आजीला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण दूध कधी तापवायचं हे तिला भोंगा सांगायचा. अप्पांची मिल नव्वदच्या दशकात बंद पडली. देणी बरीच वर्षं अडकली, त्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगायला बसलो तर हा लेख तिकडेच जाईल. मग अप्पा यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर म्हणून लागले.

जॉबर विणत नाही. माग चालता ठेवणं हे त्याचं काम. धोटा अडकतो, पट्टा सैल होतो, फणीचा दात वाकतो, बीम बदलायचा असतो, सगळ्याला जॉबर. अप्पांचं मुख्य हत्यार म्हणजे लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक बेअरिंगच्या घरावर ठेवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची. डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "अजून महिना चालतंय," किंवा, "आज संध्याकाळीच काढा." लहानपणी मला वाटायचं, ते मागाला काहीतरी विचारतात आणि माग उत्तर देतो.

ह्याच मागांनी त्यांचे कान घेतले. चोवीस धोटे मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा इकडून तिकडे आपटत असतात आणि वर पत्र्याचं छप्पर. शेडमध्ये माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. मिलमधले माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघतात, ते उगाच नव्हे. घरी अप्पा आले, की आई त्यांना हाक मारत नसे. खोलीतल्या दिव्याचं बटण दोनदा खाली-वर करायची. दिवा मिचकला की अप्पा जेवायला.

आमचं पहिलं यंत्र म्हणजे तो दिवाच. २०१२ पर्यंत मी इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर दुरुस्त करायचो. लोडशेडिंगने महाराष्ट्राचं काय वाटोळं केलं ते केलं, माझ्यासारख्या डिप्लोमावाल्यांची मात्र चूल पेटती ठेवली. अप्पांची एक तक्रार असायची. ते पाच नंबरशी झटापट करत असताना पाठीमागे अठरा नंबर थांबलेला कळायचा नाही. एक माग थांबल्याने त्या गदारोळात काही फरक पडत नाही. म्हणून मी प्रत्येक मागाच्या डोक्यावर एक दिवा बसवला. शाफ्टवर चुंबक, शेजारी काचेच्या नळीतला छोटा रीड स्विच, चुंबक जवळ आलं की जुळणारा. चुंबक फिरायचं थांबलं, की पाच सेकंदांनी दिवा लागायचा. इतकंच.

पुढे एकदा वाचलं, की अमेरिकेत पार्टिकल नावाच्या कंपनीची सुरुवातही अशीच झाली. तिच्या संस्थापकाचे वडील कर्णबधिर, घरातले दिवे हाच त्यांच्यासाठी निरोप. मुलाला वाटलं, वडिलांना मोबाइलवर मेसेज आला की घरातला दिवा मिचकला पाहिजे. २०१२ मध्ये त्याने दिव्याचं सॉकेट काढलं. लोकवर्गणीतून पैसे उभे करायला गेला, ते जमले नाहीत. मग त्याच्या आतला वाय-फायचा बोर्ड तेवढा वेगळा काढून २०१३ मध्ये विकायला ठेवला, त्याला मात्र लोकांनी डोक्यावर घेतलं. कंपनीचं नाव आधी स्पार्क होतं, २०१५ मध्ये ते पार्टिकल झालं, आणि पुढे ती कारखान्यांच्या यंत्रांकडे वळली. हे वाचून मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याची आईपण बटणच दाबत असणार."

मालकांनी दिवे बघितले आणि खूश झाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "दिवा लागायलाय, पण मी केबिनमध्ये असलो तर मला काय दिसतंय बे?" रास्त प्रश्न होता. चोवीस मागांपासून एक वायर ओढली, केबिनमध्ये जुना मॉनिटर ठेवला. मग म्हणाले, "घरी बसून दिसेल का?" मोबाइलचं सिम बसणारा मोडेम जोडला. प्रत्येक मागणी आधीच्यातून सरळ निघत होती, आणि प्रत्येक पायरीला शेडमध्ये काय चाललंय हे शेडपासून जरा जास्त लांबच्या माणसाला कळू लागलं होतं. मला हे तेव्हा दिसलं नाही. मला फक्त बिल दिसत होतं.

टेपच्या प्रकरणानंतर मालक म्हणाले, सेन्सरला सील मारा. आम्ही महिनाभर तेच केलं, सांगायला लाज वाटते. सेन्सरला पत्र्याचं झाकण आणि झाकणाला असा स्क्रू, जो बाजारातल्या साध्या पान्याने निघणार नाही. अप्पांनी तो पाच मिनिटांत काढून दाखवला.

त्या शेडमध्ये धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरणारी एक बाई होती. सगळे तिला अक्का म्हणत. धोट्यातली कांडी काही मिनिटांत संपते, विणकर माग थांबवून दुसरी घालतो, आणि भरलेली कांडी हाताशी नसेल तर माग तसाच उभा. अक्का एकदा उचल मागायला केबिनमध्ये आली होती. मालक फोनवर. ती उभ्या उभ्या स्क्रीन बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण हिरवं-लाल कळत होतं. मला म्हणाली, "हे आत काय चाललंय तेच दिसतंय व्हय?" मी म्हटलं, हो. "मग ह्याचं तोंड आमच्याकडं करा की. कुठल्या मागाच्या कांड्या सरत आल्यात ते मला कळंल. मालक बघून काय करणार, त्यांना कांडी भरता येतीय का?"

मालक फोन ठेवून हसले. मला हसू आलं नाही, कारण हिशेब डोक्यात सुरू झाला होता. एका पिकाला टॉवेलच्या पन्ह्याएवढं आडवं सूत जातं. एका कांडीवर किती मीटर सूत बसतं हे अक्काला तोंडपाठ. पिक तर आम्ही मोजतच होतो. म्हणजे कुठल्या धोट्यात किती सूत उरलं हे आम्हाला वर्षभर ठाऊक होतं, आणि ज्या एका बाईला त्याचा उपयोग होता तिच्याकडे आम्ही पाठ करून बसलो होतो.

नवी पेठेतून जुना टीव्ही आणला. कापसाची तूस आत जाऊ नये म्हणून त्याला प्लास्टिकची पिशवी चढवली आणि शेडमध्ये, कांडी मशीनच्या समोर, भिंतीवर उंच टांगला. मालकांची समजूत घालायला पंधरा दिवस लागले. प्रत्येक मागाला चार बटणांची डबी दिली, माग थांबला की विणकराने कारण दाबायचं. धागा तुटला. कांडी नाही. बीम संपला. जॉबर पाहिजे. शब्द वाचता न येणाऱ्यांसाठी बटणांवर चित्रं काढली. जॉबरचं चित्र म्हणून मी पाना काढला होता, पोरांनी त्याला चष्मा आणि मिशा काढल्या.

यंत्र फक्त 'थांबलो' एवढं सांगतं. का थांबलो, हे शेजारचा माणूस सांगतो. आणि तो खरं सांगेल की नाही, हे ऐकणारा कोण यावर ठरतं. केबिनमधल्या स्क्रीनला त्यांनी टेप लावला होता. शेडमधल्या स्क्रीनला मात्र दोन-चार दिवसांत खरी कारणं मिळू लागली, कारण आता लाल चौकोन बघून अक्का कांड्यांची पाटी घेऊन धावत होती.

महिन्याने आम्ही कारणांची बेरीज करून उभे खांब काढले. मालकांची खात्री होती, की धागा तुटल्याचा खांब सगळ्यात उंच निघेल, म्हणजे दोष सूत गिरणीचा. माझी खात्री होती, की कांडीचा निघेल. निघाला जॉबरचा.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. "बघ बे इंजिनिअर," म्हणाले, "तुझ्या अप्पांचाच खांब उंच आलाय."

त्या संध्याकाळी स्कूटरवर अप्पा मागे बसले होते. अशोक चौक येईपर्यंत एक शब्द नाही. मला वाटलं, त्यांना समजलं नसेल. चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून ते जोरात म्हणाले (ते नेहमी जोरातच बोलत), "आकडा खरा आहे. दिवा मागाच्या डोक्यावर, आणि मी मागाच्या पोटाखाली. मला दिसतंय कधी, मी बाहेर आलो की. तवर दोन थांबलेले असतात." शेजारचा रिक्षावाला बघायला लागला. सिग्नल सुटला.

कर्णबधिर माणसाला बोलवायला मी आवाजाच्या जागी दिवा लावला, पण तो माणूस काम करताना कुठे बघत असतो हे बघितलं नव्हतं. आणि हा माणूस माझा बाप होता, त्याला मी जन्मापासून बघत होतो.

नेमका त्याच सुमारास ईएसपी ८२६६ नावाचा वाय-फायचा चिप हाती लागला होता. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीचा, २०१४ मध्ये बाजारात आलेला. त्याआधी एखाद्या वस्तूला वाय-फाय द्यायचं म्हणजे हजारांत खर्च, हा तर दोन-चारशे रुपयांत. साबणाच्या डबीत तो चिप, एक बॅटरी आणि बिघडलेल्या मोबाइलमधून काढलेली थरथरणारी मोटर घातली. डबी अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात, छातीवर. दहा-दहाला लांब थरथर, एकेकाला आखूड. अठरा नंबर म्हणजे एक लांब, आठ आखूड. मी कागदावर तक्ता करून दिला होता. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मागाखालून बाहेर येऊन, वर न बघता, ते थेट तेविसाव्या मागाकडे चालू लागले तेव्हा विणकरांनी हातातली कामं सोडून बघितलं. खांब खाली आला. सगळा नाही. थोडा रात्रपाळीचा होता, त्यासाठी मालकांना दुसरा जॉबर ठेवावा लागला, आणि तो त्यांनी ठेवला, कारण आता तो खांब सगळ्या शेडला दिसत होता.

गुंतवणूकदारांना ही गोष्ट फार आवडते. तिचं नीट सादरीकरण करा, असं त्यांच्यातल्या एकाने सांगितलं, तेव्हापासून मी ती त्यांना सांगणं सोडून दिलं.

आम्ही जे करत होतो त्याला नाव आहे, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हा शब्द केव्हिन अॅश्टन यांनी १९९९ मध्ये वापरला, तेव्हा मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि सोलापुरात इंटरनेट तासावर मिळायचं. जर्मनीने 'इंडस्ट्री ४.०' हे शब्द २०११ च्या हॅनोव्हर जत्रेत काढले. आमच्याकडे ते एका पुणेकर सल्लागाराच्या व्हिजिटिंग कार्डावरून आले. त्याने आम्हाला ओईई शिकवलं, म्हणजे यंत्र किती वेळ उपलब्ध, किती वेगाने चाललं आणि माल किती चांगला निघाला यांचा गुणाकार. जपानमध्ये सेइची नाकाजिमांनी मांडलेलं हे गणित, ८५ टक्के म्हणजे उत्तम. मालकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्याच्यात लाइट गेल्याचे किती धरायचे?"

मला स्वतःला भावलेली गोष्ट ह्या सगळ्यापेक्षा कितीतरी जुनी आणि साधी आहे. कारखान्यातले बरेच सेन्सर आपलं मोजमाप विजेच्या प्रवाहातून सांगतात, आणि त्यातलं सगळ्यात कमी मोजमाप म्हणजे शून्य नसून ४ मिलिअँपिअर असतं. सगळ्यात जास्त २०. टाकी रिकामी असेल तर सेन्सर ४ पाठवतो. काहीच आलं नाही, शून्य आलं, तर समजायचं की वायर तुटली. टाकीत पाणी नाही आणि टाकीची खबर नाही या दोन गोष्टी वेगळ्या, आणि ज्याने कुणी हे ठरवलं त्याला माझा दंडवत. आमच्या पहिल्या काउंटरला हा फरक कळत नव्हता. वायर उंदराने खाल्ली तरी माग बंद. त्यावरून मालकांनी कितीदा विणकरांना फोनवर झापलं असेल, देव जाणे.

हीच गोष्ट पुन्हा एमक्यूटीटीमध्ये भेटली. यंत्रांनी एकमेकांना निरोप पाठवायची ही पद्धत १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्कॉमचे आर्लेन निपर यांनी वाळवंटातल्या तेलाच्या पाइपलाइनसाठी तयार केली, उपग्रहाचा खर्च वाचावा म्हणून अगदी मोजक्या शब्दांची. तिच्यात प्रत्येक यंत्र जोडलं जाताना सर्व्हरकडे एक मृत्युपत्र ठेवतं. खरोखर हाच शब्द आहे. मी न सांगता गेलो तर हा निरोप सगळ्यांना दे. यंत्र नीट रजा घेऊन गेलं तर मृत्युपत्र फाडलं जातं. अचानक गेलं, तर ठरलेल्या वेळेच्या दीडपट वाट बघून सर्व्हर ते वाचून दाखवतो. आमचा वेळ एक मिनिटाचा आहे. म्हणजे दीड मिनिट.

धंद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती सगळीकडे सारखीच असते. डबे विकून पोट भरेना, म्हणून आम्ही महिन्याचे पैसे मागायला लागलो. सर्व्हरचं भाडं, सिमचं रिचार्ज, सगळं चालू खर्चाचंच. आमच्या पहिल्याच मालकांनी मला चादरींच्या गोदामात नेलं. जकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी, जुनी कार्डं दोरीने ओवून टांगलेली होती, भोकाभोकांची. "हे पंच करणाऱ्याने एकदाच पैसे घेतले. ह्या डिझाइनवर वीस वर्षं चादर निघायलीय. मी चादर विकली की गिऱ्हाइकाकडे महिन्याला भाडं मागायला जातो का? तू कुठला बे मोठा?" ह्याला माझ्याजवळ आजही उत्तर नाही. त्यांच्याकडून आम्ही कधीच महिन्याचे पैसे घेतले नाहीत.

पैसे साखरेतून आले. राज्यातले सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्याच जिल्ह्यात, आणि हंगामात गाळप तासभर जरी थांबलं तरी बाहेर गाड्यांची रांग लागते, त्यामुळे गिअरबॉक्स आधी बोलला पाहिजे याची किंमत तिथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. फाउंड्र्या आल्या, वाहनांचे सुटे भाग करणारे आले. माणसं वाढली. २०१६ मध्ये पुण्यातल्या एका गृहस्थांनी आम्हाला 'सोलापूरचं प्रेडिक्स' म्हटलं, आणि आम्ही ते आठवडाभर एकमेकांना म्हणत होतो. प्रेडिक्स म्हणजे अमेरिकेतल्या जीईचं सॉफ्टवेअर. २०१५ मध्ये त्यांनी त्यासाठी वेगळी शाखाच काढली, २०२० पर्यंत जगातल्या पहिल्या दहा सॉफ्टवेअर कंपन्यांत बसायचं म्हणाले. २०१७ मध्ये त्यांचे प्रमुख पायउतार झाले आणि मग ते स्वप्नही आवरतं घेतलं गेलं. त्यांच्या अब्जावधी डॉलरच्या अपयशाबद्दल बोलायला मी कोण. पण सगळ्या जातीच्या यंत्रांना एकच कान चालेल असं समजण्यात काहीतरी घोटाळा आहे, हे त्यांना कुठल्याही जॉबरने चहाच्या पैशात सांगितलं असतं.

पुण्याला या, असंही सांगून झालं. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री परत, असे मी किती खेटे घातले. शेवटी गेलो नाही. ह्यात गावाचं प्रेम वगैरे फारसं नव्हतं. आमचं 'बिघाड आधी सांगणारं' सॉफ्टवेअर ज्या माणसावर चालत होतं, तो सोलापूर सोडून जाणार नव्हता.

म्हणजे असं. बिघाड आधी ओळखायला यंत्राला आधीचे बिघाड दाखवावे लागतात. बेअरिंग तर वर्षानुवर्षं मोडत नाही. पुरेसे नमुने येणार कुठून? आम्ही अप्पांना घेऊन शेडं पालथी घातली. एका कानात थोडं उरलं होतं. ते स्क्रू ड्रायव्हर लावायचे, डोळे मिटायचे, मी शेजारी आमचा कंपन मोजणारा सेन्सर धरायचो आणि ते जे म्हणतील ते नोंदवून घ्यायचो. 'महिना.' 'आज.' 'सोड, काही होत नाही.' एका ठिकाणी नुसतंच, 'हूं.' आमच्या माहितीपत्रकात ह्याला फार मोठं नाव आहे. फाइलमध्ये अजूनही रकान्याचं नाव 'अप्पा' आहे, आणि त्या 'हूं'चं काय करायचं हे आमच्या एकाही इंजिनिअरला ठरवता आलेलं नाही. ते बेअरिंग अजून चालू आहे.

२१ मार्च २०२०. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू. शेडवाल्यांनी रात्रीच मेन स्विच खाली ओढायला सुरुवात केली होती. आम्ही घरी जेवत होतो आणि माझा फोन वाजायला लागला. माग ९, संपर्क तुटला. माग १०, संपर्क तुटला. मग दुसरं शेड, मग तिसरं. मृत्युपत्रं एकामागून एक वाचली जात होती. मी फोन ताटाशेजारी उलटा ठेवला, तर तो ताटाला लागून खणखणायला लागला. अप्पांना तो ऐकू येत नव्हता, पण त्यांचा हात खिशावर गेला. डबी थरथरत होती. ती थांबेचना. त्यांनी ती बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो, ती टेबलावर हळूहळू सरकत कडेपर्यंत गेली. आईने ती उचलून तांदळाच्या डब्यावर ठेवली.

त्यातली काही शेडं पुन्हा उघडलीच नाहीत. माग भंगारात वजनावर गेले. आमच्या पहिल्या मालकांनी आठ जुने माग ठेवले, बाकीच्या जागी रेपिअर आणले. त्यांना धोटा नाही, त्यामुळे कांडी नाही. अक्का आता मुलाकडे विडी घरकुल वसाहतीत असते. अप्पा शेडला जायचे बंद झाले.

डबी मात्र त्यांनी परत दिली नाही. घरच्या वाय-फायला ती जोडलेली होतीच. ते उरलेले आठ माग अजून तिच्यात बोलतात. दुपारी पेपर वाचताना मध्येच खिशावर हात ठेवतात, दोन बोटांनी मोजतात, आणि आईला सांगतात, "तीन नंबर. कांडी असंल." आई म्हणते, असेल.

गेल्या महिन्यात कंपनीत नवीन लागलेल्या मुलीने विचारलं, "सर, यादीत हे 'अप्पा-०१' म्हणून एक डिव्हाइस आहे. त्याला प्लांट नाही, मशीन नाही. रोज रात्री दहाच्या सुमाराला न सांगता ऑफलाइन जातं. काढून टाकू का?" मी म्हटलं, राहू दे.

अप्पा झोपताना डबीचं बटण खट्‌कन बंद करतात. नीट रजा घेऊन जायची सोय त्या डबीत मी केलीच नव्हती, त्यामुळे दीड मिनिटाने सर्व्हर मला रोज त्यांचं मृत्युपत्र वाचून दाखवतो. मी कुठल्यातरी साखर कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये असतो. सुधारणा पाच मिनिटांची आहे. ती मी केलेली नाही. सकाळी जाग येते तेव्हा आधी फोन बघतो. आज 'अप्पा-०१' सहा पन्नासला आला. पहिली पाळी सातची.